तमभावाला तिघी लागतात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा चषक, पदके आणि पाट्यांवर अक्षरे कोरण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, कोणी मागे न लागता आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शुद्धलेखनाचा दाखला जोडलेला नाही, कारण तो देणारी एकच व्यक्ती या घरात आहे आणि तिला हा कागद दाखवायचा नाही, असे मी ठरवले आहे.

ती व्यक्ती म्हणजे माझी नणंद, इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते, माझ्या मुली आत्या म्हणतात, मी वन्सं म्हणते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून इथून बाहेर पडलेला प्रत्येक कागद त्यांच्या लाल पेनाखालून गेला आहे, किराणा सामानाची यादीसुद्धा. त्यांना चुकवून जाणारा हा पहिलाच कागद. त्या वर खोलीत वर्तमानपत्र वाचत बसल्या आहेत आणि मी खाली चोरासारखी लिहिते आहे.

असे का, ते आधी सांगते. गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखले आणि मी काही दिवस दवाखान्यात होते. परत आले तर वन्संच्या खाटेखाली एक बॅग भरून ठेवलेली. एकट्या बायकांच्या वसतिगृहात जाऊन त्या गुपचूप खोली बघून आल्या होत्या.

"वन्सं, हे काय?" मी विचारले.

"अगं, तू आहेस तोवर मी नणंद. तू गेलीस की मी कोणाची कोण? भाच्यांच्या घरात कुठल्या नात्याने राहू?"

"आत्या आहात की त्यांच्या!"

"आत्या येते, चार दिवस राहते आणि जाते. मुलींना माझी अडचण नको. तुझं झालं की मी निघणार."

"माझं झालं की म्हणजे? मी आत्ताच तर परत आले!"

"मग घाई नाही," असे म्हणून त्यांनी बॅग पायाने आत सरकवली.

ती बॅग अजून तिथेच आहे. ती रिकामी व्हावी म्हणून हे मृत्युपत्र. नाहीतर माझ्या मालमत्तेचे वाटे दोन ओळींत झाले असते आणि मी एव्हाना जरा आडवी झाले असते.

१. मालमत्ता माझ्याकडे कशी आली. खाली दुकान, वर तीन खोल्या आणि गच्ची, हे सगळे मूळचे माझ्या सासऱ्यांचे. ते गेल्यावर त्यांचे वकील आले, आम्हाला दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या बाकावर ओळीने बसवले आणि इंग्रजी मृत्युपत्र वाचू लागले. घर आणि दुकान 'माय एल्डेस्ट सन' यास. म्हणजे माझ्या यजमानांना. वन्सं त्यांच्याहून मोठ्या, पण त्यांचे नाव कागदावर कुठेच नव्हते. मुलीला नोकरी आहे, तिला काय कमी, असे सासरे म्हणत असत. आता भांडण पेटणार या भीतीने यजमानांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. वन्संनी पर्स उघडली, लाल पेन काढले आणि हात पुढे केला.

"वकीलसाहेब, तो कागद द्या इकडे. बाबांना मुलगा एकच. एकात तमभाव होत नाही."

"काय होत नाही?"

"तमभाव. सुपरलेटिव्ह! एकच असेल तर नुसतं 'सन'. दोघं असले तर 'एल्डर'. 'एल्डेस्ट' म्हणायला तिघं तरी लागतात. बाकीचे दोघं कुठे आहेत?"

"बाई, आमच्या छापील मसुद्यात तसंच असतं. कायद्यात चालतं ते."

"कायद्यात चालत असेल. इंग्रजीत चालत नाही."

वकिलांनी मूळ कागद छातीशी घट्ट धरला, म्हणून वन्संनी नकलेवरच्या 'एल्डेस्ट'वर लाल रेघ मारली. घरातली एक वीट मागितली नाही, व्याकरण तेवढे मागितले. मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र भांडी घासता घासता रडू आले. घर हातचे गेलेली ही बाई रोजच्यासारखी सगळ्यांची ताटे वाढत होती आणि माझ्या ताटात लोणचे जास्त घालत होती, कारण मला आवडते. नणंद-भावजयीचे सख्य विळ्या-भोपळ्याचे असते, असे मला माहेरून सांगून पाठवले होते. आमच्यात विळा कोण आणि भोपळा कोण हे अजून ठरलेले नाही.

पुढे यजमानांनी सगळे माझ्या नावे केले आणि तेही गेले. म्हणून आज मी ही वाटणी करू शकते.

२. माझे दोन दीर. मृत्युपत्रात 'एल्डेस्ट' आहे त्या अर्थी बाबांना आणखी दोन मुलगे असलेच पाहिजेत, असे वन्संनी त्याच आठवड्यात जाहीर केले. मी त्यांना मधले भावजी आणि धाकटे भावजी म्हणू लागले. बशी फुटली, की ती धाकट्या भावजींनी फोडली. डब्यातले शेवटचे बिस्कीट नाहीसे झाले, की मधले भावजी येऊन गेले. यजमान सरळमार्गी माणूस, आपल्याला अचानक भाऊ झाले हे पचायला त्यांना वेळ लागला. मग मात्र घरी यायला उशीर झाला की तेच म्हणू लागले, "काय करणार, धाकटा भेटला वाटेत." माझ्या धाकट्या मुलीने तर इंग्रजीच्या तासाला 'माझे काका' म्हणून पानभर निबंध लिहिला. काका जहाजावर असतात आणि त्यांना पोहता येत नाही, असा काहीतरी मजकूर होता. वर्गावर होत्या वन्संच. त्यांनी काकांबद्दल अवाक्षर काढले नाही, जहाजाचे स्पेलिंग दुरुस्त केले आणि दहापैकी आठ गुण दिले.

तरी स्पष्ट लिहून ठेवते, की मधले भावजी व धाकटे भावजी यांचा माझ्या कोणत्याही मालमत्तेवर हक्क राहणार नाही. माझ्या आजारपणात दोघेही फिरकले नाहीत.

३. दुकान, त्यातली यंत्रे, शिल्लक पितळ आणि गिऱ्हाइके माझ्या थोरल्या मुलीस. ते चालवतेही तीच. हाताच्या कोरण्या, छोटी हातोडी आणि माझे भिंग धाकटीस. ती दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवते, तिला बारीक हत्यारे उपयोगी पडतील. बँकेतली शिल्लक दोघींना अर्धी अर्धी. दागिने फार नाहीत, भांडण्याइतके तर नाहीतच. समोर बसून वाटून घ्या.

थोरलीने संगणकावर चालणारे यंत्र आणले आहे. ते स्पेलिंगच्या चुका दाखवते, पण 'मोस्ट बेस्ट' कोरायला सांगितले तर निमूट कोरते. म्हणून दुकान देताना एक अट घालते. दुकानाच्या दारातून वरच्या खिडकीपर्यंत जाणारी दोरी आणि तिची टोपली काढू नये.

ही टोपली कशासाठी, ते नव्या गिऱ्हाइकांना ठाऊक नसते. आमचा सगळा धंदा तमभावाचा. चांगला धावला म्हणून कोणी चषक देत नाही, सगळ्यांत चांगला धावला म्हणून देतात. यजमानांचा हात सोन्याचा, पण इंग्रजी पितळेचे. गिऱ्हाईक चिठ्ठीवर जे लिहून आणेल ते कोरायचे. आणि गिऱ्हाइकाचा उत्साह नेहमीच दांडगा. 'मोस्ट फास्टेस्ट' काय, 'व्हेरी बेस्टेस्ट' काय! पितळेवर खोडरबर चालत नाही. एका क्रीडामंडळाचे पाच चषक वाया गेल्यावर वन्संनी ही टोपली बांधली. चिठ्ठी वर जायची, लाल होऊन खाली यायची. "एका डोक्यावर दोन टोप्या कशाला?" त्या वरून ओरडायच्या. "पुढे 'मोस्ट' लावा, नाहीतर मागे 'एस्ट' लावा. दोन्ही नको!"

एका शाळेने 'वन ऑफ द बेस्ट स्टुडंट' अशी चिठ्ठी दिली. वन्संनी शेवटी 'एस' वाढवून पाठवली, कारण 'वन ऑफ द' म्हटले की पुढे अनेकवचन हवे, पुष्कळांतला एक. पदक होते रुपयाएवढे. यजमान खालून ओरडले, "एस बसत नाही!" टोपली वर गेली, खाली आली. लाल शाईत लिहिले होते, 'मग वन ऑफ द काढा.' अशा रीतीने एक बरा मुलगा जागेअभावी शाळेतला सर्वोत्तम विद्यार्थी झाला. तो पुढे खरोखरच नाव काढता झाला. व्याकरणामुळे, असे वन्सं म्हणतात. यजमान म्हणायचे, पदक लहान होते म्हणून.

४. 'द बेटर सिंगर' असे कोरलेला चषक धाकटीस. एका गाण्याच्या स्पर्धेला तिघे यायचे होते, तिसऱ्याचा घसा बसला. उरले दोघे. आयोजकांनी 'बेस्ट सिंगर'ची चिठ्ठी दिली आणि गप्पांच्या भरात हे सगळे सांगून टाकले, तिथेच फसले. टोपली खाली आली तर 'बेस्ट' खोडून 'बेटर'. दोघांत तरभाव, बेस्टला तिसरा हवा. यजमानांनी इमानाने तसेच कोरले. आयोजक चषक घेऊन तणतणत परत आले.

"अहो, 'बेटर' काय? दवाखान्यातून सुटलेल्याला म्हणतात, आता बेटर आहे!"

"घसा तर दुखत नव्हता ना जिंकणाऱ्याचा?" खिडकीतून आवाज आला.

त्यांना दुसरा चषक करून द्यावा लागला. पहिला आमच्या ओट्यावर झारे आणि पळ्या ठेवायला आहे. धाकटी अंघोळ करताना गाते, म्हणून तो तिला. गाणे आता पूर्वीपेक्षा बरे आहे.

या दोघी लहानपणी मला सारख्या छळायच्या, "आई, तुझी सगळ्यांत लाडकी कोण?" मी वन्संकडे बघायची. त्या वहीतून डोके वर न काढता म्हणायच्या, "दोघींत 'सगळ्यांत' नसतं. तिसरी आली की आई सांगेल." त्यावर धाकटीने तिसरीसाठी हट्ट धरला, तो निराळाच ताप झाला. पण मी सुटायची. कितीतरी वर्षे मी त्या नियमाआड लपले आहे. तो या मृत्युपत्रात माझ्या अंगावर येणार आहे, हे मला लिहायला बसेपर्यंत कळले नव्हते.

५. समोरचे फ्रेमवाले. यांनी दुकानावर 'द मोस्ट ओल्डेस्ट शॉप' अशी भली मोठी पाटी रंगवून घेतली. वन्संनी रस्ता ओलांडून जाऊन त्यांना सांगितले, की यात एक शब्द जास्त आहे आणि एक गोष्ट खोटी आहे, आमचे दुकान तुमच्या आधीचे आहे. तेव्हापासून ते आमच्याशी बोलत नव्हते. मग पाटी उतरवायला माझी शिडी मागायला आले, तेव्हा बोलले. पाटी उतरली. शिडी परत आली नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही, असे आमच्या वकीलबाई सांगतात, आणि फ्रेमवाले या कागदाचे साक्षीदार आहेत. तरी शिडी मी त्यांना देत नाही. ती त्यांनी आधीच घेतलेली आहे.

याच नियमामुळे मला वन्संना साक्षीदार करता आले नाही. खरे कारण सांगितले असते तर त्यांना लगेच वास आला असता. "तुमचा हात थरथरतो," असे म्हणून वेळ मारून नेली. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "थरथरतो काय?"

६. आता घर.

दुकानाची जागा सोडून, वरच्या तीन खोल्या, गच्ची, जिना आणि त्यातले सगळे सामान मी या घरच्या लेकींपैकी 'द एल्डेस्ट' हिला देते.

कच्चा मसुदा वाचताना वकीलबाई इथेच थांबल्या. तरुण आहेत, पण इंग्रजी पक्के आहे. म्हणाल्या, "आजी, तुम्हाला मुली दोनच ना? मग 'एल्डर' लिहा. दोघींत 'एल्डेस्ट' होत नाही."

मी म्हटले, "नियम बरोबर सांगितलात. मोजायला चुकलात."

मी या घरची सून, मी बाहेरून आले. या घरच्या लेकी तीन आहेत. थोरली, धाकटी आणि वन्सं. याच घरात जन्मल्या, याच जिन्यावरून पडल्या, याच गच्चीवर पाढे म्हणत फिरल्या. लेक माहेरी कुठल्या नात्याने राहते, हे कोणी कोणाला विचारत नाही. वन्सं, तुम्ही मला विचारलेत, कारण तुमच्या वडिलांच्या कागदात तुमचे नाव नव्हते. माझ्या कागदात आहे. तुम्ही तिघींत सगळ्यांत थोरल्या आहात आणि तुम्ही गेलात तर मुली पुन्हा दोनच उरतील, माझे वाक्य चुकेल आणि वकीलबाईंनाही ते सुधारता येणार नाही, कारण तोवर मी नसेन.

'बाकीचे दोघे कुठे आहेत,' असे तुम्ही त्या वकिलांना विचारले होते. त्या दोघी जन्मायच्या होत्या. उशिरा आल्या, आणि मुलगे नाहीत, एवढेच.

हे घर वन्संनी वाटेल तसे वापरावे, विकावे, भाड्याने द्यावे, न आवडणाऱ्या पाहुण्याला हाकलून द्यावे. त्यांच्यानंतर ते दोघी मुलींना सारखे मिळेल. मुलींना मी हे आधीच सांगितले आहे. थोरली म्हणाली, "आई, यात विचारायचं काय?" धाकटी म्हणाली, "आत्या वसतिगृहात गेली तर माझे मेसेज कोण तपासणार?" ती नवऱ्याला पाठवायचे भांडणसुद्धा आधी आत्याला दाखवते, त्यामुळे पाठवेपर्यंत राग जातो.

वन्सं, तुम्ही नको म्हणणार, हे मला ठाऊक आहे. कागद आधी दाखवला असता तर 'एल्डेस्ट'वर लाल रेघ मारून तुम्ही स्वतःलाच खोडले असते. म्हणून लपवला. मला तुमच्याशिवाय हे घर डोळ्यांपुढे आणताच येत नाही. यजमान गेल्यावर कोरणी हातात घेतली तेव्हा माझे पहिले अक्षर वाकडे आले होते. तुम्ही म्हणालात, "वाकडं आहे, पण स्पेलिंग बरोबर आहे. पुढचं कोर." त्या एका वाक्यावर मी दुकान चालवले. तेव्हा हे माझे शेवटचे मागणे समजा. बॅग रिकामी करा आणि माळ्यावर टाका.

आणि मुलींनो, तिसरी आली की सांगेन, असे मी कबूल केले होते. ती तुमच्या आधीपासून घरात होती. आता मला पळवाट नाही. माझे उत्तर 'वन ऑफ द' हेच आहे. इंग्रजीतले सगळ्यांत समंजस शब्द आहेत ते, असे तुमची आत्याच म्हणते. पुढे अनेकवचन घ्यावे. जागा कमी पडली तरी 'एस' काढू नये.

७. दुकानाच्या कपाटात वरच्या खणात, फडक्यात गुंडाळलेली एक पितळी पाटी आहे. ती मी हाताने कोरली आहे. तिच्यावर वन्संचे नाव आणि त्याखाली 'द एल्डेस्ट'. जिन्याच्या दारावर सासऱ्यांच्या पाटीशेजारी ती थोरलीने पक्क्या स्क्रूने बसवावी. हिची चिठ्ठी टोपलीतून वर गेलेली नाही. त्यामुळे स्पेलिंगची खात्री मी देत नाही. चूक निघालीच तर पितळेवर खोडता येत नाही. वन्संना ती येता-जाता रोज बघावी लागेल, आणि त्यासाठी इथेच राहावे लागेल.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांनी वर 'लास्ट विल' असे लिहायला सांगितले होते. 'लास्ट' हाही तमभावच. लेट, लॅटर, लास्ट, हे मला टोपलीने शिकवले आहे. आणि मी याआधी एकही मृत्युपत्र केलेले नाही. एकात तमभाव होत नाही. तेव्हा हे नुसते मृत्युपत्र. तब्येतीने साथ दिली तर आणखी दोन करीन आणि तिसऱ्याला लास्ट म्हणेन.

कागदाचा उजवा समास मुद्दाम रुंद सोडला आहे. लाल पेन पाकिटात घातले आहे. एकही चूक मी मुद्दाम केलेली नाही, पण पुष्कळ सापडतील. वन्संनी सावकाश, आपल्या खोलीत, आपल्या खिडकीपाशी बसून तपासावे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला तो मान्य आहे. साक्षीदारांसमोर सही करते. साक्षीदारांनी सही बघायची आहे, मजकूर वाचायचा नाही, हे फ्रेमवाल्यांना दोनदा बजावले आहे.

सही: चषकवाल्या आजी

साक्षीदार पहिले: डॉक्टर. "समक्ष सही केली. पूर्ण शुद्धीत. नाडी थोडी जलद, कारण विचारता वरच्या खिडकीकडे बोट दाखवले."

साक्षीदार दुसरे: समोरचे फ्रेमवाले. "सही पाहिली. मजकूर वाचलेला नाही. शिडी उद्या सकाळी आणून देतो."

ठिकाण: दुकानातील बाक, जिन्याच्या बाजूचे टोक
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२३, गुरुवार